अपंगांचें ऑलिंपिक आणि महाराष्ट्राचे पोहणारे

सोलापूर जिल्हा पाण्याविषयीं प्रसिद्ध नाहीं. चादरी व टॉवेल, एके काळीं पहाटे ऐकूं येणारे गिरण्यांचे भोंगे, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, मंगळवेढ्याची ज्वारी आणि पुनःपुन्हां येणारें अवर्षण, एवढ्यावर या जिल्ह्याची ओळख बहुधा आटोपते. वायव्येकडील करमाळा तालुक्याला उजनी धरणाचा फुगवटा लागून आहे, हें खरें. पण फुगवट्यापासून दूर असलेल्या गांवांना उन्हाळ्यांत विहिरीचा तळ पाहण्याची संवय आहे. अशा या मुलखांतील एक तरुण २०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत इंडोनेशियांतील जाकार्ता शहरीं पोहण्याच्या हौदांत उतरला. तेथें आशियाई पॅरा क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. बटरफ्लाय पद्धतीची ५० मीटरांची शर्यत त्यानें ३२.७१ सेकंदांत संपविली आणि सुवर्णपदक भारताच्या नांवावर जमा झालें. या जलतरणपटूचें नांव सुयश नारायण जाधव. त्यांचे दोन्ही हात कोपरापासून खालीं नाहींत.

हातांविना पोहणारा माणूस, असें म्हटलें कीं ऐकणारा प्रथम आश्चर्य करतो व मागाहून हळहळतो. हे दोन्ही भाव स्वाभाविक होत. परंतु आश्चर्यानें अथवा करुणेनें इतिहास उलगडत नाहीं. करमाळ्याचा मुलगा जाकार्त्यास पोहोंचला तो कोणत्या वाटेनें, ती वाट प्रथम कोणीं पाडली, त्याच वाटेवरून एक मराठी शिपाई पूर्वींच जगज्जेता होऊन आला असतां त्याचें नांव घरोघर कां पोहोंचलें नाहीं, हे प्रश्न विचारले म्हणजे मग या पदकाचें मोल कळूं लागतें. त्यासाठीं सोलापूर क्षणभर सोडून इंग्लंडांतील एका रुग्णालयाच्या हिरवळीवर जावें लागेल.

डॉक्टर लुडविग गुटमान हे जर्मनींत जन्मलेले ज्यू वैद्य. १९१७ सालीं, ऐन तारुण्यांत, ते एका रुग्णालयांत स्वयंसेवक म्हणून काम करीत असतां कोळशाच्या खाणींत पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट मजूर तेथें आणण्यांत आला. असा रुग्ण कांहीं आठवड्यांत जाणारच, असें गृहीत धरून वैद्य पुढें गेले. आणि तो मजूर पांच आठवड्यांत खरोखरच गेला. कणा मोडल्यानें माणूस मरत नसे. तो मरे तो एकाच कुशीवर पडून राहिल्यानें होणाऱ्या जखमांनीं आणि मूत्रमार्गांतील विषबाधेनें. हें चित्र गुटमान विसरले नाहींत. नाझी राजवटीच्या छळामुळें १९३९ सालीं त्यांनीं देश सोडला व ते इंग्लंडांत आले. १९४४ सालीं स्टोक मॅंडेव्हिल येथील रुग्णालयांत कण्याच्या दुखापतींसाठीं स्वतंत्र विभाग निघाला, तो त्यांच्या हवालीं झाला. युद्धांतून येणारे जखमी सैनिक हे त्यांचे रुग्ण. दर दोन तासांनीं रुग्णाची कूस बदलावयाची, रात्रीसुद्धां चुकवावयाची नाहीं, हा त्यांचा पहिला नियम. आणि जगलेल्या माणसाला केवळ जगवून ठेवावयाचें नाहीं, त्याला कामास लावावयाचें, हा दुसरा. चाकांच्या खुर्चीवर बसून चेंडू खेळणें, बाण मारणें, पोहणें हे प्रकार त्यांनीं करमणूक म्हणून नव्हे, तर औषध म्हणून सुरू केले.

१९४८ सालच्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस लंडनांत ऑलिंपिक स्पर्धांचें उद्घाटन झालें. युद्धानंतरचें हें पहिलें ऑलिंपिक. स्वतंत्र भारताच्या हॉकी संघानें याच स्पर्धांत ब्रिटनला हरवून सुवर्णपदक मिळविलें आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तींत सहावे आले. नेमक्या त्याच दिवशीं स्टोक मॅंडेव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष व २ स्त्रिया अशा १६ जणांनीं खुर्च्यांवर बसून धनुर्विद्येचा सामना खेळला. लंडनांतील क्रीडांगणावर हजारों प्रेक्षक होते. येथें कांहीं परिचारिका व आप्तेष्ट असतील. पण गुटमान यांनीं तो दिवस जाणूनबुजून निवडला होता. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हॉलंडचे माजी सैनिक तेथें खेळावयास आले व सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९६० सालीं रोम येथें ऑलिंपिकच्या पाठोपाठ २३ देशांतील सुमारें ४०० अपंग खेळाडु एकत्र आले. आज पहिलें पॅरालिंपिक मानतात तें हेंच. आरंभीं हे सामने चाकांच्या खुर्चीवरील खेळाडूंपुरतेच होते. हातपाय गमावलेल्या व दृष्टिहीन खेळाडूंना १९७६ सालीं टोरोंटो येथें प्रवेश मिळाला. 'पॅरा' या उपपदाचा अर्थही हळूहळू बदलला. प्रथम त्यांत अर्धांगाचा निर्देश होता. पुढें 'बरोबरीनें चालणारें' असा त्याचा अर्थ रूढ झाला. एका शब्दांतील हा फरक म्हणजेच या चळवळीचा सारांश होय.

भारताचे खेळाडु या स्पर्धांत प्रथम उतरले ते १९६८ सालीं, इस्रायलांतील तेल अवीव येथें. त्या लहानशा पथकांत मुरलीकांत राजाराम पेटकर हे एक होते. त्यांचा जन्म १९४४ सालचा; गांव सांगली भागांतील पेठ इस्लामपूर. सैन्याच्या ई. एम. ई. दलांत, म्हणजे विद्युत् व यांत्रिक कामें पाहणाऱ्या दलांत, ते जवान होते आणि मुष्टियुद्धांत त्यांनीं नांव मिळविलें होतें. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धांत त्यांना अनेक गोळ्या लागल्या. कमरेखालचें शरीर लुळें पडलें. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयांत उपचार चालू असतां व्यायामोपचार करणाऱ्यांनीं त्यांना पाण्यांत उतरविलें. त्याचें कारण साधें आहे. जमिनीवर जें शरीर पायांना पेलत नाहीं त्याचा बहुतेक भार पाणी आपल्या अंगावर घेतें. मग खांद्यांत व दंडांत जी शक्ति शिल्लक असेल ती सगळी पुढें जाण्याच्या कामीं येते. मुष्टियोद्ध्याचे दंड शाबूत होते. तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले. परंतु त्यांचा खरा खेळ पाण्यांत होता.

१९७२ चें ऑलिंपिक म्यूनिक येथें झालें. त्याआधीं, ऑगस्टच्या आरंभीं, जर्मनींतीलच हायडेलबर्ग येथें पॅरालिंपिक भरलें. परदेशीं जाण्याचा खर्च ही त्या काळीं अपंग खेळाडूपुढील पहिली शर्यत असे. क्रिकेटपटु विजय मर्चंट यांच्या संस्थेचें साहाय्य झाल्यामुळें पेटकर ती पार करूं शकले. हायडेलबर्गला पन्नास मीटर मुक्तशैलीच्या शर्यतींत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत अंतर कापलें. तो त्या वर्गांतील जागतिक उच्चांक ठरला व सुवर्णपदक त्यांना मिळालें. शिवाय भालाफेक व खुर्ची चालविण्याच्या शर्यतींतही ते अंतिम फेरीपर्यंत गेले. अभिनव बिंद्रा यांनीं ऑलिंपिकमध्यें भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलें तें २००८ सालीं. ऑलिंपिक व पॅरालिंपिक हीं दोन्ही एकाच पंक्तीला बसविलीं, तर एका भारतीयानें एकट्यानें जिंकलेलें पहिलें सुवर्णपदक बिंद्रा यांच्या छत्तीस वर्षें आधीं एका मराठी जवानानें मिळविलेलें होतें, असें म्हणावें लागतें.

परंतु तशी पंगत त्या काळीं कोणी मांडली नाहीं. म्यूनिकच्या बातम्यांखालीं हायडेलबर्ग झाकून गेलें. पेटकर पुण्यास टेल्को कारखान्यांत नोकरी करूं लागले. १९७६ व १९८० च्या पॅरालिंपिकला भारताचें पथक गेलेंच नाहीं. १९८२ सालीं पेटकर यांनीं अर्जुन पुरस्कारासाठीं अर्ज केला, तो नाकारला गेला. शासनानें त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ सालीं, आणि अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव म्हणून, २०२५ च्या जानेवारींत. त्या वेळीं त्यांचें वय ऐंशी वर्षांचें होतें. पदक जिंकण्यास साडेसदतीस सेकंदही लागले नाहींत. त्याची दखल घेण्यास अर्ध्या शतकाच्या आसपास काळ लागला.

या दिरंगाईचा दोष एखाद्या कचेरीवर अथवा अधिकाऱ्यावर टाकून मोकळें होणें सोपें आहे. पण तें पुरेसें नाहीं. अपंग मनुष्य हा दयेचा विषय, हा समज समाजांत मुरलेला होता. दयेच्या वहींत नांवें देणाऱ्यांचीं लिहिलीं जातात, घेणाऱ्यांचीं नव्हेत. आणि पराक्रमाच्या वहींत अपंगाचें पान उघडलेलेंच नव्हतें. १९८४ सालीं जोगिंदरसिंग बेदी यांनीं गोळाफेकींत रौप्य व थाळीफेक आणि भालाफेक यांत कांस्य, तसेंच भीमराव केसरकर यांनीं भालाफेकींत रौप्य, अशीं चार पदकें आणलीं. तींही फारशीं कोणाच्या स्मरणांत राहिलीं नाहींत. पुढें वीस वर्षें एकही पदक नाहीं. अपंगांना समान संधि देण्याचा कायदा संसदेनें १९९५ सालीं केला. त्यांत अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस झाले. पद मिळालें तें हक्क म्हणून, हें कायद्याच्या भाषेंत उतरण्यास इतका काळ गेला. मनांत उतरण्यास त्याहून अधिक लागला तर नवल नाहीं.

यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. गुटमान यांचे पहिले खेळाडु बहुतांशीं सैनिक होते आणि भारताचा पहिला विजेताही सैनिकच होता. हा केवळ योगायोग नव्हे. जखमी सैनिकामागें लष्करी रुग्णालय असतें, उपचार करणारे असतात, निवृत्तिवेतन असतें. त्याला खेळाकडे नेणारें कोणी ना कोणी भेटण्याचा संभव असतो. पण भारतांत हातपाय जातात ते रणांगणापेक्षां कितीतरी अधिक गांवांत, शेतांत आणि रस्त्यावर. २००४ सालीं अथेन्स येथें भालाफेकींत सुवर्णपदक जिंकून पेटकर यांच्यानंतरचा बत्तीस वर्षांचा खंड ज्यांनीं भरून काढला, त्या राजस्थानच्या देवेंद्र झाझडिया यांचा हात लहानपणीं झाडावर चढले असतां विजेच्या तारेला लागून गेला होता. त्याच वर्षीं कांस्यपदक मिळविणारे राजिंदरसिंग रहेलू हे पोलिओचे बळी. २०१६ सालीं रिओ येथें उंच उडींत सुवर्णपदक मिळविणारे तमिळनाडूचे मरियप्पन थंगवेलू यांचा पाय बालपणीं बसखालीं चिरडला होता. तार, रोग आणि वाहन हीं या देशांतील रणांगणें होत; आणि त्यांवर पडणारा सैनिक पुष्कळदां शाळकरी पोर असतें. त्याच्यामागें लष्करी रुग्णालय नसतें.

करमाळ्याच्या सुयश जाधव यांची कथा याच मालिकेंतील आहे. त्यांचा जन्म १९९३ सालचा. २००४ च्या सुमारास, शाळेंत शिकत असतां, विजेच्या तारेचा धक्का बसून त्यांना दोन्ही हात गमवावे लागले. पाटी लिहिणारा, जेवणारा, सदऱ्याच्या गुंड्या लावणारा हात एका क्षणांत नाहींसा झाला, म्हणजे त्या वयाच्या मुलाचें सगळें जगच पुन्हां पहिल्यापासून शिकावें लागतें. परंतु या घरांत एक गोष्ट होती जी पुष्कळ घरांत नसते. वडील स्वतः पोहणारे होते व मुलाला पाण्याची ओळख त्यांनींच करून दिली होती. अपघातानंतर मुलानें पाण्यापासून दूर राहावें, असें बहुतेक घरांत ठरलें असतें. येथें उलट झालें. पुढें शिक्षण व सराव यांसाठीं त्यांनीं पुणें गांठलें आणि राष्ट्रीय स्पर्धांतून ते आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गेले.

हातांविना पोहणें म्हणजे नेमकें काय, हें समजल्यावांचून त्या ३२.७१ सेकंदांचा अर्थ लागत नाहीं. पोहणाऱ्याचा तळहात व कोपरापुढचा हात मिळून वल्ह्याचें काम होतें. पाणी मागें रेटण्याचें मोठें कार्य त्यांच्याकडे असतें. तें वल्हें तुटल्यावर उरतात ते दंड, धड आणि पाय. बटरफ्लाय पद्धतींत दोन्ही बाहु एकदम पुढें टाकावयाचे आणि दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीप्रमाणें हाणावयाचे असतात. जाधव यांना वेग मिळतो तो मुख्यतः कमरेपासून उठणाऱ्या या लाटेंतून. पेटकर यांचा प्रकार याच्या अगदीं उलट होता. त्यांचे बाहु ओढीत आणि पाय मागें ओझ्यासारखे येत. एकाचे पाय गेलेले, दुसऱ्याचे हात. पण पाण्यानें दोघांनाही वाट दिली.

मग अशा निरनिराळ्या शरीरांची शर्यत न्याय्य कशी व्हावयाची? यासाठीं वर्गवारीची पद्धति आहे. पोहण्यांत शारीरिक अपंगत्वाचे दहा वर्ग असतात. आंकडा जितका लहान तितकी मर्यादा मोठी. त्यापुढील तीन वर्ग दृष्टिहीनांचे व चौदावा बौद्धिक अपंगत्वाचा. परीक्षक खेळाडूचे स्नायु, सांधे व पाण्यांतील हालचाल तपासून वर्ग ठरवितात. जाधव हे सातव्या वर्गांतील. या वर्गांत सर्वांचें व्यंग एकच असतें असें नाहीं. कोणाचे हात आंखूड, कोणाची एक बाजू दुबळी, कोणाचे पाय क्षीण. व्यंग कोणतें, हें पाहावयाचें नसून पोहण्याला तें किती अडवितें, हें पाहावयाचें असतें. कुस्तींत वजनाचे गट पाडतात त्याच्याशींच या पद्धतीचें नातें आहे. म्हणूनच हा खेळ दयेचा राहत नाहीं. येथें हरणाराला हार आणि नियम मोडणाराला शिक्षा आहे. खुद्द जाधव यांना २०२१ सालीं टोकियो येथें ब्रेस्टस्ट्रोकच्या शंभर मीटर शर्यतींत नियमभंगाबद्दल बाद ठरविण्यांत आलें. व्यंगाकडे पाहून कोणीं डोळेझांक केली नाहीं. खेळाडु म्हणून मान द्यावयाचा तर नियमही खेळाडूचेच लावावयास हवेत.

२०१६ च्या रिओ पॅरालिंपिकला गेलेल्या १९ जणांच्या भारतीय पथकांत पोहणारे एकटे जाधवच होते. जाकार्त्यास सुवर्णाखेरीज पन्नास मीटर मुक्तशैली व दोनशें मीटर मिश्रशैली यांत त्यांना कांस्यपदकें मिळालीं. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला; आणि चीनमधील हांगझो येथें २०२३ सालीं भरलेल्या आशियाई पॅरा स्पर्धांत बटरफ्लायमध्यें त्यांनीं पुन्हां कांस्यपदक मिळविलें. ज्या पुरस्काराची पेटकर यांनीं चार दशकांहून अधिक काळ वाट पाहिली, तो त्यांच्या या वारसाला ऐन उमेदींत, पेटकर यांच्याही आधीं मिळाला. यांत पेटकर यांच्यावरील अन्याय दिसतो, तसाच काळ बदलल्याचा पुरावाही दिसतो.

काळ बदलला हें आंकड्यांवरूनही कळतें. १९७२ पासून २०१६ पर्यंत, चव्वेचाळीस वर्षांत, पॅरालिंपिकमध्यें भारताला एकूण १२ पदकें मिळालीं. टोकियोला १९ मिळालीं. २०२४ सालीं पॅरिस येथें ८४ खेळाडूंच्या पथकानें २९ मिळविलीं. त्यांत सुवर्ण ७, रौप्य ९ व कांस्य १३. या २९ पदकांत सोलापूरच्या शेजारचें एक आहे. सांगोल्याच्या सीमेला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यांतील करगणीचे सचिन सर्जेराव खिलारी यांचा डावा हात शाळकरी वयांतील अपघातानंतर अधू झाला. त्यांनीं पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेंकून रौप्यपदक मिळविलें. पुरुषांच्या गोळाफेकींत १९८४ नंतर भारताला मिळालेलें हें पहिलें पॅरालिंपिक पदक. जोगिंदरसिंग यांचें विसरलेलें पान चाळीस वर्षांनीं माणदेशांत पुन्हां उघडलें.

तथापि या आंकड्यांनीं निश्चिंत होणें बरें नव्हे. प्रशिक्षण, परदेशवारी, पारितोषिकें यांची व्यवस्था झाली, ती बहुधा खेळाडु पुढें आल्यानंतर त्याच्या हातीं लागते. पुढें येण्यापूर्वीं काय? पेटकर यांना व्यायामोपचार करणाऱ्यांनीं पाण्यांत उतरविलें, जाधव यांच्या घरींच पोहणारा बाप होता. म्हणजे दोघांच्याही बाबतींत पहिलें पाऊल पडलें तें एखाद्या जाणत्या माणसाची गांठ पडल्यामुळें. ज्या गांवांत असा माणूस नाहीं, तेथें विजेच्या धक्क्यानें हात गेलेलें मूल ओट्यावर बसून इतरांचा खेळ पाहतें, आणि घरचीं माणसें त्याला अधिक जपूं लागतात. हें जपणें प्रेमाचेंच असतें, पण त्यानें पाण्याचा रस्ता बंद होतो. भारत २०१४ सालीं पोलिओमुक्त ठरला, तो प्रत्येक खेड्यांत, प्रत्येक मुलाच्या तोंडांत दोन थेंब टाकण्याची शिस्त पाळल्यामुळें. तें काम दैवावर सोपविलें नव्हतें. अपंग मुलाला मैदान व हौद दाखविण्याचें कामही असेंच गांवोगांव जाऊन करावयाचें आहे. शाळेच्या मैदानावर खुर्ची जाईल असा उतार, तालुक्याच्या हौदावर हात धरून पाण्यांत उतरविणारा एक शिक्षक, आणि अपघातानंतर रुग्णालयांतून घरीं जाणाऱ्या मुलाच्या आईबापांना खेळाविषयीं दोन शब्द सांगणारा एक डॉक्टर, एवढ्या गोष्टी पुष्कळांना पुरतील.

स्टोक मॅंडेव्हिलच्या हिरवळीवर त्या दिवशीं १६ जण होते. त्यांतील कोणाला कोणतें पदक मिळालें, हें आज फारसें कोणी विचारीत नाहीं. ते अंथरुणावरून उठून बाहेर आले, हेंच लक्षांत राहिलें. सोलापूरच्या कोरड्या मुलखांत एका बापानें आपल्या मुलाला काठावर बसवून ठेवलें नाहीं, याचीही गणना त्याच घटनांत करावी लागेल.